तेलाच्या नावामागचा माणूस

गॅरेजच्या पत्र्याच्या भिंतीवर मिस्त्रींनी खडूने चार आकडे लिहिले होते. ३९०, ३८५, २७०, ३८०. आमच्या गाडीची ती नाडीपरीक्षा. गाडी दोन लाख चाळीस हजार किलोमीटर धावलेली, डिझेलवर चालणारी. गेल्या हिवाळ्यात तिने सकाळी उठायचे नाव सोडले. पाच-सहा वेळा सेल्फ मारावा, मग खोकत, थरथरत चालू व्हावी आणि मागून इतका पांढरा धूर सोडावा की शेजारच्या काकूंनी वाळत घातलेले कपडे आत न्यावेत. थोडी तापली की मात्र शहाण्या मुलासारखी चाले.

याआधी एका मोठ्या, काचेच्या केबिनवाल्या गॅरेजमध्ये तिची अशीच तपासणी झाली होती. तिथे चारही आकडे तीनशेच्या आतबाहेर आले, तिसरा तर दोनशेवर, आणि इंजिन संपले, उतरवून पुन्हा बांधावे लागेल असा निकाल मिळाला. खर्चाचा अंदाज ऐकून आमच्या सौ. म्हणाल्या की त्यापेक्षा गाडी भंगारात द्यावी. मी जवळजवळ तयारही झालो होतो.

या मिस्त्रींनी पहिला प्रश्न विचारला तो बॅटरीचा. दुसरा, तपासताना इंजिन गरम होते का गार. दोन्हींची उत्तरे माझ्याकडे नव्हती. बॅटरी अर्धमेली असेल तर सेल्फ इंजिनाला सावकाश फिरवतो, आणि सावकाश दाबलेली हवा फटींतून निसटून जायला तेवढाच जास्त वेळ मिळतो. म्हणजे आकडा इंजिनाचा नव्हे, बॅटरीचा येतो! त्यांनी बॅटरी रात्रभर चार्ज केली, एअर फिल्टर साफ केला, टॅपेट बसवले, गाडी एक फेरी मारून तापवून आणली, डिझेलचा पुरवठा तोडला, चारही हीटर प्लग काढले आणि मग एकेका भोकात आपला काटेवाला गेज घट्ट बसवून सेल्फ मारला. वर दिलेले आकडे हे त्या दिवसाचे. पौंडांत, म्हणजे एका चौरस इंचावर इतका दाब.

ते खाली बसून काट्याकडे बघत होते तेव्हा मला प्रथमच लक्षात आले की आपण रोज ज्या तेलाचे नाव घेतो ते तेलाचे नाव नाहीच. ते एका माणसाचे आडनाव आहे. आणि त्या माणसाचे उभे आयुष्य याच एका गोष्टीपाठी गेले, बंद नळकांड्यात हवा किती दाबता येते, आणि ती निसटू नये म्हणून काय करावे.

रुडॉल्फ डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील मूळ बव्हेरियाचे जर्मन, वडील थिओडोर बुकबाइंडर आणि कातडी सामान बनवणारे कारागीर. घरची परिस्थिती बेताची. बापाने केलेला माल हातगाडीवर घालून गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायचे काम पोराकडे असे. मोकळा वेळ मिळाला की हा मुलगा जाई तो पॅरिसच्या यंत्रांच्या संग्रहालयात.

१८७० साली फ्रान्स आणि प्रशियाचे युद्ध पेटले आणि एका रात्रीत हे कुटुंब परके ठरले. जर्मनांना पॅरिस सोडावे लागले. डिझेल मंडळी लंडनला गेली; तिथे सगळ्यांची पोटे भरणे कठीण, म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला एकट्याला आउग्सबुर्गला नातलगांकडे धाडण्यात आले. तिथले काका क्रिस्टोफ बार्निकेल गणिताचे शिक्षक होते. परक्याच्या घरात वाढणाऱ्या मुलाला एक जादा समज येते. आपण कुणाला जड होऊ नये म्हणून तो अभ्यासाला चिकटतो. चौदाव्या वर्षी त्याने आईवडिलांना पत्राने कळवून टाकले की आपण इंजिनिअर होणार. त्यांची इच्छा त्याने लौकर कमावते व्हावे अशी होती. पण पोरगा वर्गात पहिला आला आणि शिष्यवृत्तीवर म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये पोचला.

आउग्सबुर्गच्या शाळेत त्याने एक खेळणे पाहिले होते असे सांगतात. काचेची नळी, तिच्यात घट्ट बसणारा दट्ट्या, आणि तळाशी कापसासारखे पेट घेणारे काहीतरी. दट्ट्या एकदम जोरात दाबला की आतली हवा इतकी तापते की ते भुरकन पेटते. काडी नाही, ठिणगी नाही. सायकलला हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम लागते, तीच ही गोष्ट. फक्त पराकोटीला नेलेली.

म्युनिकला त्याचे प्राध्यापक होते कार्ल फॉन लिंडे, बर्फ तयार करण्याच्या यंत्रांचे जनक. त्यांच्या वर्गात त्याने ऐकले की उत्तमातले उत्तम वाफेचे इंजिन कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम दहा टक्क्यांचे काम करते, बाकी सगळी वाया. साडी कॉर्नो या फ्रेंच तरुणाने आदर्श इंजिनाचे गणित १८२४ सालीच मांडून ठेवले होते. त्या गणिताच्या जवळ जाणारे यंत्र का असू नये, हा किडा डिझेलच्या डोक्यात तिथे शिरला तो शेवटपर्यंत निघाला नाही. १८७९ साली ऐन परीक्षेच्या वेळी विषमज्वराने तो आडवा झाला. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला परीक्षा दिली ती सर्वोच्च गुणांनी.

पुढची दहा वर्षे मी थोडक्यात सांगतो. लिंडेंच्या बर्फयंत्रांसाठी पॅरिसला नोकरी, १८८३ साली मार्था फ्लाशेशी लग्न, तीन मुले, १८९० मध्ये बर्लिनला बदली. तीन भाषा अस्खलित, कपडे नीटनेटके, वागणे अदबशीर. रात्री मात्र कागदांचे ढीग. वाफेऐवजी अमोनियाची वाफ वापरून त्याने एक इंजिन करून पाहिले. त्याचा स्फोट झाला आणि तो कित्येक महिने इस्पितळात पडून राहिला. डोळ्यांचे आणि डोकेदुखीचे दुखणे जन्मभर राहिले.

मग त्याने अमोनिया सोडला आणि साधी हवा घेतली. नुसती हवाच सिलिंडरमध्ये ओढून घ्यायची, ती इतकी दाबायची की आपोआप लालबुंद तापावी, आणि त्या क्षणी इंधन आत सोडायचे. पेटवायला ठिणगी नको, प्लग नको. पेट्रोलच्या इंजिनात आधीच हवा आणि इंधन मिसळलेले असते, म्हणून ते फार दाबता येत नाही, अवेळी पेटते. आठ-दहापट दाबून थांबावे लागते. डिझेलच्या मोटारीत हवा साधारण वीसपट दाबली जाते आणि तिचे तापमान पाचशे अंशांच्या पुढे जाते. या कल्पनेचे पेटंट त्याला फेब्रुवारी १८९३ मध्ये मिळाले. त्याच वर्षी त्याने तिच्यावर पुस्तक काढले. आरंभीच्या हिशेबात त्याने २५० वातावरणांचा दाब धरला होता! त्या काळची कोणतीही धातू, कोणतीही जोडणी इतके सोसणार नव्हती. टीकाकारांनी हे ताबडतोब दाखवून दिले, त्यानेही आकडा खाली आणला, पण ही जखम पुढे चिघळणार होती.

आउग्सबुर्गच्या यंत्रकारखान्याचे प्रमुख हाइनरिख फॉन बुत्झ आणि एसेनचे क्रुप यांनी पैसा आणि जागा दिली. आणि इथे माझ्या मिस्त्रींना आवडेल असा भाग येतो. १८९३ च्या उन्हाळ्यात पहिले इंजिन उभे राहिले तेव्हा त्यात इंधन घालण्याच्या आधी त्याची कारखान्याच्या पट्ट्यावर फिरवून तपासणी झाली ती कॉम्प्रेशनचीच. हवा निसटत होती. दट्ट्याच्या कडेने, झडपांच्या बुडातून, सांध्यांमधून. कागदावर जे नळकांडे हवाबंद होते ते लोखंडात नव्हते. हप्तेच्या हप्ते घासण्यात, रिंगा बदलण्यात, सांधे बसवण्यात गेले. १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिल्यांदा पेट्रोल आत सोडले, तेव्हा असा धडाका झाला की दाब मोजणारे उपकरणच फुटून उडाले. माणसे थोडक्यात वाचली. इंजिन स्वतःच्या बळावर चालले नव्हते, पण डिझेलच्या दृष्टीने मुद्दा सिद्ध झाला होता. नुसत्या दाबाने आग लागते.

१७ फेब्रुवारी १८९४. सुधारलेले इंजिन पट्ट्यावर फिरत होते. डिझेल वर चढून आपल्या निरीक्षणात गर्क. खाली उभ्या असलेल्या कामगाराच्या ध्यानात आले की पट्टा झटके देतोय, त्याचा ताण उलट बाजूला गेलाय. म्हणजे कारखाना इंजिनाला फिरवत नव्हता, इंजिन कारखान्याला ओढत होते. त्याने काही न बोलता डोक्यावरची टोपी काढली. मिनिटभरच चालले ते, मिनिटाला ८८ फेऱ्यांनी. मला हा प्रसंग भारी आवडतो.

त्यानंतर तीन वर्षे आणखी खटपट. फेब्रुवारी १८९७ मध्ये प्राध्यापक मोरित्झ श्रोटर यांनी तटस्थपणे चाचणी घेतली. एका सिलिंडरचे, माणसाच्या दीडदुपटीने उंच असे ते धूड सुमारे वीस अश्वशक्ती देत होते आणि इंधनातल्या उष्णतेपैकी २६ टक्क्यांहून थोडे जास्त काम करत होते. वाफेच्या इंजिनाच्या अडीचपट. त्यातला दाब ३० ते ३५ वातावरणे, म्हणजे पौंडांत साडेचारशे-पाचशे. भिंतीवरचे माझे ३९० त्या घराण्यातलेच, जरा थकलेले. ते इंजिन आज म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये आहे.

मला लहानपणी हा दाब हाताने कळला होता. कृष्णाकाठी माझ्या आजोळी विहिरीवर एका सिलिंडरचे इंजिन होते. डिझेल शब्द तिथे कुणी उच्चारीत नसे, नुसते इंजिन. मामा आधी वरची खिट्टी उचलत, त्याने झडप उघडी राही आणि हँडल हलके फिरे. चांगला वेग आला की खिट्टी सोडायची. त्या क्षणी दाबाची भिंत हाताला लागे आणि मग टुक्, टुक्, टुक्. इंजिन म्हातारे झाले तेव्हा ती भिंत मऊ झाली. हँडल सगळ्या बाजूंनी सारखेच फिरू लागले, आणि मामा हवेच्या तोंडात चार थेंब तेल टाकू लागले. तेलाने रिंगांची फट तात्पुरती भरते, दाब वाढतो, इंजिन उठते. १९४६ साली पुण्याला खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि पुढे अशी इंजिने महाराष्ट्राच्या मळ्यामळ्यांत पोचली. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात एक छोटे डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते आणि प्रेक्षकांना तेलातला फरक कळलाही नव्हता. डिझेलने पुढे वनस्पतीच्या तेलांना भवितव्य आहे असे जाहीरपणे मांडले. आमच्या मामांच्या शेतात भुईमूगच असे. हे त्यांना कळले असते तर त्यांनी नक्की प्रयोग केला असता आणि मामींची बोलणी खाल्ली असती.

१८९७ नंतर पैसा धो धो आला. अमेरिकेतले हक्क बियरसम्राट अडॉल्फस बुश यांनी दहा लाख मार्कांना घेतले. देशोदेशीचे कारखानदार दारात उभे राहिले. चाळिशी गाठण्याच्या आत डिझेल लक्षाधीश झाला, आणि तिथूनच उतार लागला असे मला वाटते. प्रयोगशाळेतले इंजिन कुशल माणसांच्या हाताखाली चाले. गिऱ्हाइकाकडे गेले की बंद पडे. केम्प्टनच्या काडेपेटीच्या कारखान्याला १८९८ मध्ये दिलेल्या इंजिनाने सर्वांना घाम फोडला. आउग्सबुर्गला डिझेलच्या नावाने काढलेला कारखाना बुडाला. त्याच वर्षी त्याचे मन आणि शरीर दोन्ही कोसळले. त्याला आरोग्यधामात ठेवावे लागले.

बरा झाल्यावर त्याने म्युनिकमध्ये एक राजवाडावजा घर बांधले. जमिनींचे व्यवहार केले, तेलविहिरींत पैसे घातले. ज्या माणसाने दट्ट्याच्या कडेने निसटणाऱ्या हवेचा ध्यास घेतला, त्याला आपल्या तिजोरीतून काय निसटते आहे हे दिसले नाही, किंवा दिसूनही बघावेसे वाटले नाही. हातगाडी ओढणाऱ्या पोराला मोठ्या घराची हौस असणारच, मी त्याला नावे ठेवणार नाही. १९०३ साली त्याने कामगारांनी सहकाराने कारखाने कसे चालवावेत यावर एक पुस्तक लिहिले. हे आपले इंजिनाहूनही मोठे काम असे त्याला मनापासून वाटे. ते जवळजवळ कुणी विकत घेतले नाही.

इंजिन मात्र हळूहळू सुधारत होते. १९१२ साली सेलांडिया हे डॅनिश जहाज डिझेल इंजिनांवर कोपनहेगनहून बँकॉकच्या सफरीला निघाले. धुराडे नसलेले जहाज पाहायला बंदरांत गर्दी लोटे. त्याच वर्षी डिझेलने अमेरिकेत व्याख्याने दिली. आणि त्याच सुमारास जुन्या जखमेवर पुन्हा बोट ठेवले गेले. टीकाकार म्हणत होते की पेटंटात लिहिलेले इंजिन आणि चालणारे इंजिन वेगळी आहेत. २५० वातावरणे कुठे आणि ३५ कुठे? इंग्लंडच्या हर्बर्ट अक्रॉइड स्टुअर्टचे इंजिन आधीचे होते, याचीही आठवण करून दिली जाई. त्या इंजिनातला दाब कमी होता आणि सुरू करताना त्याला बाहेरून तापवावे लागे, हा फरक लहान नाही. पण १९१३ मध्ये ल्यूडर्स नावाच्या जर्मन प्राध्यापकाने तर डिझेल ही एक दंतकथा आहे अशा अर्थाचे पुस्तकच काढले. मला विचाराल तर टीकाकारांचा आकडा बरोबर होता आणि निष्कर्ष चूक. सुरुवातीचा हिशेब फसला, हे खरे. पण चार वर्षे गळत्या सांध्यांशी झगडून, हिशेब बदलत बदलत चालते इंजिन ज्याने उभे केले, त्याचेच ते.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी डिझेल अँटवर्प बंदरात ड्रेस्डेन नावाच्या बोटीवर चढला. इंग्लंडमध्ये इप्सविचला डिझेल इंजिनांचा नवा कारखाना उभा राहत होता, तिकडे जायचे होते. बरोबर दोन सहकारी. जेवण झाले, गप्पा झाल्या, रात्री दहाच्या सुमारास तो केबिनमध्ये गेला. सकाळी सव्वासहाला उठवा असे सांगून. सकाळी केबिन रिकामी होती. अंथरुणावर कुणी झोपले नव्हते, रात्रीचा पोशाख तसाच, घड्याळ बिछान्यातून दिसेल असे ठेवलेले. मागच्या डेकवर कठड्यापाशी त्याची टोपी आणि नीट घडी केलेला ओव्हरकोट सापडला.

दहा-अकरा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात एक प्रेत दिसले. ते ओळखण्यापलीकडे गेले होते. खलाशांनी खिशांतल्या वस्तू काढून घेतल्या, गोळ्यांची डबी, पाकीट, चाकू, चष्म्याचे घर, आणि देह पाण्याला परत दिला. १३ ऑक्टोबरला धाकट्या मुलाने, ऑयगेनने, त्या वस्तू ओळखल्या. घर उघडून पाहिले तर मालमत्तेपेक्षा कर्जे जास्त. निघण्यापूर्वी त्याने मार्थाच्या हाती एक बॅग दिली होती आणि आठवडाभर उघडू नकोस असे बजावले होते. तिच्यात वीस हजार मार्क रोख होते, असे सांगतात. डायरीत २९ सप्टेंबरच्या पानावर एक लहानशी फुली होती, हेही सांगतात.

युद्धाच्या तोंडावरचा काळ, पाणबुड्यांना याच इंजिनाची गरज. तेव्हा कुणी म्हणाले जर्मन हेरांनी ढकलला, कुणी म्हणाले तेलवाल्यांनी. डग्लस ब्रंट या अमेरिकन लेखकाने २०२३ मध्ये असे मांडले की तो मेलाच नाही, ब्रिटिशांनी त्याला गुपचूप नेले. वाचायला हे झकास आहे. माझा कल मात्र त्या घडी केलेल्या ओव्हरकोटाकडे आहे. ज्याला कुणी ढकलते तो कोटाची घडी करत नाही.

त्याच्या हयातीत डिझेलचे इंजिन मोटारीत बसण्याजोगे झालेच नाही. इंधन आत फुंकायला वेगळा हवेचा कॉम्प्रेसर लागे, तो पसारा गाडीत कसा मावणार? बॉशचे इंधन पंप १९२७ पासून तयार होऊ लागले, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली, आणि १९३६ साली मर्सिडीजने बर्लिनच्या प्रदर्शनात २६० डी ही मोटार मांडली. त्यानंतरच आमच्यासारख्यांच्या दारात.

तर त्या आकड्यांचे काय झाले? मिस्त्रींनी मला ते असे वाचून दाखवले. कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे नव्या इंजिनाला ४३० हवेत आणि ३४० च्या खाली जाता कामा नये. इतके किलोमीटर धावलेल्या गाडीचे तीन सिलिंडर एकमेकांच्या बरोबरीने थोडे थोडे उतरलेत, ती झीज वयाची, तिला हात लावू नये. शिवाय पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. हवाच विरळ, म्हणून इथे काटा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के खालीच राहणार. काळजी एकट्या २७० ची. शेजारी-शेजारी दोन सिलिंडर पडले असते तर मधली गॅस्केट फुटल्याचा संशय. रिंगा गेल्या असत्या तर काटा पहिल्या झटक्याला कमी दाखवून मग प्रत्येक फेरीला वर वर सरकला असता. इथे तो जिथे गेला तिथेच थबकला, म्हणजे झडप. पेट्रोलच्या गाडीत प्लगच्या भोकातून चमचाभर तेल घालून पुन्हा आकडा घेतात, वाढला तर रिंगा, न वाढला तर झडप. डिझेलच्या गाडीत ते करत नाहीत. दट्ट्या वर आल्यावर जागाच इतकी थोडी उरते की तेल दाबले जाऊन इंजिनच मोडायचे. त्याऐवजी त्यांनी तिसऱ्या सिलिंडरमध्ये नळीने हवा सोडली आणि मला सायलेन्सरला कान लावायला सांगितले. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, तेलाच्या झाकणातून फुसफुस नाही. सायलेन्सरमधून मात्र स्पष्ट सुस्कारा. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह.

हेड उतरवले, व्हॉल्व्ह जळून एका कडेला खरवडला होता. तो बदलला, बाकीचे घासून बसवले, नवी गॅस्केट घातली. पहिल्या अंदाजाच्या पाचव्या हिश्श्यात काम झाले. इंजिनाला हात लागला नाही.

ते काम चालू असताना मी मिस्त्रींना ही सगळी हकिकत सांगितली. चाळीस वर्षे याच कामात घालवूनही डिझेल हे माणसाचे नाव असेल असे त्यांना कधी वाटले नव्हते. त्यांना ते तेलाचेच वाटे. बोट आणि ओव्हरकोटापाशी मी आलो तेव्हा त्यांचे हात थांबले. त्यांनी विचारले की मागे बायकामुले होती का. मी म्हटले, बायको आणि तीन मुले. थोडा वेळ ते पाना पुसत राहिले. मग गेज पुन्हा तिसऱ्या भोकात बसवला आणि मला आत बसून सेल्फ मारायला सांगितले. काटा ३७५ वर जाऊन थांबला. त्यांनी भिंतीवरचा २७० पुसला आणि तिथे नवा आकडा लिहिला.